सदतीस नंबरचं कुत्रं

सोमवार, ४ डिसेंबर १९३३

दवंडी आमच्या दारासमोर तीनदा पिटली. एकदा पुरली असती, पण इन्स्पेक्टरसाहेबांचं घर म्हणून डफवाल्याने जरा जोर केला. पंधरा दिवसांच्या आत ज्याचं कुत्रं त्याने कचेरीत नाव नोंदवावं, फी भरावी, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला पितळी बिल्ला घालावा. मुदतीनंतर बिनबिल्ल्याचं कुत्रं रस्त्यात दिसलं की मारलं जाईल. गल्लीतली सगळी कुत्री डफाभोवती जमली होती. त्यांच्याइतकं मन लावून कुणीच ऐकलं नाही.

दोन महिने घरात हाच विषय. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, गावोगावची माणसं येणार, त्याआधी पिसाळलेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त झाला पाहिजे. आणि तो करायचा कोणी? तर आमच्या सॅनिटरी इन्स्पेक्टर सिद्धारामांनी. (नवऱ्याचं नाव लिहिलं. वहीत चालतं. वही चहाडी करत नाही.)

संध्याकाळी हे एक लाकडी पेटी घेऊन घरी आले. आत दीडशे बिल्ले. म्हटलं, कचेरीत जागा नाही का? तर म्हणाले, तिथे ठेवले तर आठ दिवसांत सगळ्या कारकुनांच्या मेव्हण्यांची कुत्री कायदेशीर होतील. घरी कशी काळजी नाही! पेटी देवघराखाली सरकवली. नोंदणीचं रजिस्टरही घरीच राहणार, कारण पक्की यादी मी लिहायची. माझं अक्षर यांच्यापेक्षा बरं. मराठी सातवी पास झाले ती कुत्र्यांची नावं लिहायला!

गुरुवार, ७ डिसेंबर

आज अक्कम्मा आली होती. तीन घरं सोडून तिची खानावळ. नवरा गेल्यापासून एकटी चालवते. गिरणीची माणसं भोंगा झाला की तिच्याकडे येतात, त्यांची पंगत उठली की कुत्र्यांची बसते. गल्लीतलं प्रत्येक कुत्रं तिला आई समजतं आणि आमच्या साहेबांना वैरी.

ती सरळ ओट्यावर बसली आणि यांना विचारलं, माझ्या दाराशी तीन असतात, त्यांना पण बिल्ला लागतो का? हे खुर्चीतून कायदा समजावू लागले. जो कुत्रं पाळतो तो मालक, मालकाने नाव द्यायचं, फी भरायची, कुत्रं चावलं तर जबाबदारी मालकाची. अक्कम्माने सगळं ऐकून घेतलं.

"मी कुटली मालकीण?" ती म्हणाली. "त्येच माजे मालक हायती. मी भाकरी करायची, त्येनी खायची."

यावर कायद्यात काही कलम नव्हतं. हे आत जाऊन पाणी प्यायले.

जाताना तिने मला विचारलं, बिनबिल्ल्याचं मारतात म्हणजे कसं मारतात गं? मी सांगितलं. कुचल्याची विषारी गोळी, नाहीतर काठी.  पायऱ्या उतरताना तिच्या तिघांतला ठिपक्या तिच्या लुगड्याला नाक घासत होता.

रविवार, १० डिसेंबर

केलं एकदाचं!

हे वॉर्डात गेले होते. मी देवघर सारवायला घेतलं. पेटी हलवावी लागली. हलवली की उघडावी लागते, हे ओघानेच आलं. वरचे तीन उचलले. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. कनवटीला लावले आणि ताक मागायच्या निमित्ताने अक्कम्माकडे गेले. ती म्हणाली, पैसे न्हाईत. म्हटलं, मी मागितले का? म्हणाली, साहेबांना कळलं तर? म्हटलं, साहेबांना कोण सांगणार, ठिपक्या?

तिच्याकडे जेवणाऱ्या एका कामगाराने गिरणीतल्या जुन्या चामडी पट्ट्याचे तुकडे आणून दिले. सदतीस नंबर ठिपक्याच्या गळ्यात गेला. अंगभर काळे ठिपके, छातीवर पितळी बिल्ला, नुकता फौजदार झाल्यासारखा चालत होता. अडतीस लंगडीला. एकोणचाळीस दिवाणला. दिवाण म्हणजे म्हातारं पिवळं कुत्रं, दिवसभर तक्क्याला टेकल्यासारखं भिंतीला टेकून बसतं.

रजिस्टरात लिहिलं: मालक अक्कम्मा, धंदा खानावळ. तिघांची फी "जमा" लिहिताना हात जरा थांबला. पण थांबला तेवढाच.

बुधवार, १३ डिसेंबर

आज आणखी चार. सवय वाईट.

शनिवार, १६ डिसेंबर

बातमी बायकांत फुटली. कुणी काही बोलत नाही, फक्त ताक मागायला आमच्याकडे फार बायका येतात. आमच्याकडे तर म्हैसही नाही.

सगळ्या कुत्र्यांना मालक कुठून आणायचे? जी कुणाचीच नाहीत त्यांचं काय? काल मारुतीच्या पारावरची दोन होती. विचार केला आणि लिहून टाकलं: मालक मल्लारी मार्तंड, राहणार जेजुरी. खोटं नाही. खंडोबाचंच कुत्रं. देवाला विचारायला कचेरी थोडीच जाणार आहे!

आज हे खुशीत घरी आले. आपल्या वॉर्डात सगळ्या गावात जास्त नोंदणी झाली, चीफ ऑफिसरांनी सगळ्यांदेखत नाव घेतलं. "लोकांना नीट समजावून सांगितलं की लोक कायदा पाळतात," असं मला म्हणाले. मी भाकरी थापत होते. हसू आवरेना म्हणून चुलीत फुंकर घातली. डोळ्यांत राख गेली. हे म्हणाले, बघ, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मंगळवार, १९ डिसेंबर

मुदत काल संपली. आजपासून मारायला सुरुवात.

हे दुपारी आले, हात धुतले, पुन्हा धुतले आणि पानावरून उठले. ओट्यावर बसून राहिले. मी पाठीमागे उभी. मला वाटलं होतं, यांना या कामाची हौस आहे. गेले पंधरा दिवस मनातल्या मनात यांना कुत्र्यांचा यमराज म्हणत होते.

मग आपणहून बोलले. मागच्या वर्षी गिरणीच्या दरवाजाशी एका विणकराला कुत्रं चावलं होतं. जखम बरी झाली, माणूस विसरला. दोन महिन्यांनी त्याला धरून दवाखान्यात नेलं तेव्हा उचलायला हे होते. "तहानेने ओरडत होता," म्हणाले. "आणि पाण्याचा तांब्या दिसला की भिंतीवर चढायला बघायचा. तिसऱ्या दिवशी गेला. बायको विचारत होती, एवढ्याशा दातानं माणूस मरतो व्हय?"

हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

आता पेटीचं सांगावं असं मनात आलं. जीभ उचलली, पण तेवढ्यात हे उठून गेले. खरं तर तेवढ्यात उठले नाहीत. बराच वेळ बसले होते. मीच बोलले नाही.

गुरुवार, २१ डिसेंबर

कुत्री धरणाऱ्या माणसांचा मुकादम भीमा कचेरीमागच्या शेडची किल्ली न्यायला आला होता. उंच माणूस, खांद्यावर काठी, पण बोलणं मऊ. म्हणाला, "बाईसाब, तुमच्या गल्लीत सगळी कुत्री सरकारी नोकरीत लागल्याली दिसत्यात. ज्येला त्येला बिल्ला." आणि हसला. म्हणजे याला कळलं. मी किल्ली दिली. तो पुढे म्हणाला, आमाला काय, बिल्ला दिसला की काठी खाली.

आमच्या गल्लीत एकही कुत्रं मेलं नाही. मनात गुदगुल्या होतात आणि लगेच तो विणकर आठवतो.

शनिवार, २३ डिसेंबर

आजचं लिहिलंच पाहिजे.

ठिपक्या तीन दिवस खात नव्हता. बैलगाडीखाली अंधारात जाऊन बसायचा. अक्कम्माला वाटलं, पोट बिघडलं. काल भीमाची माणसं गाडीजवळून गेली, वाकून बघितलं, गळ्यात बिल्ला दिसला, पुढे गेली. आज सकाळी अक्कम्माने दुधात कुस्करलेली भाकरी त्याच्यापुढे सरकवली. तो तिच्या हातावर आजवर कधी गुरगुरलासुद्धा नव्हता. आज गाडीखालून निघाला तो थेट तिच्या पोटरीला. चार दात. मग आपलीच शेपटी चावत गल्लीभर फिरू लागला. तोंडाला लाळेची तार. बायकांनी पोरं आत ओढली, दारं लावून घेतली.

हे आणि भीमा फास आणि गोणपाट घेऊन धावत आले. पाऊण तास लागला. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. मारू नका, हे ओरडत होते, चावलेलं कुत्रं जिवंत पाहिजे, दहा दिवस बांधून ठेवायचं असतं. जगलं तर पिसाळलेलं नाही, मेलं तर आहे. शेवटी गोणपाटात घालून कचेरीमागच्या रिकाम्या शेडमध्ये नेलं.

नेण्याआधी यांनी बिल्ला उलटा करून नंबर वाचला. सदतीस. मग आमच्या खिडकीकडे बघितलं. 

बिल्ला नसता तर ते कुत्रं काल गेलं असतं आणि अक्कम्माची पोटरी धड राहिली असती. हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे. लिहिलं म्हणून जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही.

रविवार, २४ डिसेंबर

अक्कम्मा दवाखान्यात जायला तयार नाही. पोटात रोज एक अशा चौदा सुया घ्यायच्या. कुणीतरी तिला सांगितलं की त्या सुयांनी बाईच्या पोटात कुत्र्याची पिल्लं होतात. सकाळीच माळावरून धुळा आला होता. मेंढरं राखतो आणि कुत्रं चावल्याचं झाडपाल्याचं औषध गुळात देतो. तीन गुरुवार गूळ खायचा, वाहतं पाणी ओलांडायचं नाही, बस्स. अक्कम्माला हे पटलं. कुणालाही पटेल. गूळ कुठे आणि सुया कुठे!

हे तिच्या दाराशी तासभर उभे होते. डॉक्टर थांबलेत म्हणाले, टांगा आणलाय म्हणाले. शेवटी हात जोडले. मी यांना कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. ती भाकरी थापत राहिली. "बेडा," म्हणाली. नको. "मराठीत पन न्हाय आन कानडीत पन न्हाय. माझं कुत्रं हाय, त्यानं चावलं, तुमाला काय?"

मी घरात आले. चुलीपुढे विळी होती. डाव्या मनगटाच्या वर दोन ओरखडे ओढले. पहिला भीतीने उथळ गेला म्हणून दुसरा. रक्त आलं तसं पुसलं, जुना वाटावा म्हणून वर हळद लावली, आणि अक्कम्माकडे जाऊन हात पुढे केला. म्हटलं, काल सकाळी ताक घेऊन येत होते तेव्हा ठिपक्याने मलाही पकडलं. भीतीने कुणाला सांगितलं नाही.

हे दारातच होते. यांचा चेहरा असा पांढरा झाला की मला सगळं परत घ्यावंसं वाटलं.

अक्कम्माने पिठाच्या हाताने माझा हात धरला, उजेडात नेऊन बघितला. "तू सुया घेणार?"

"घेईन. पण एकटी नाही घेणार. माझ्या पोटात पिल्लं झाली तर बाळंतपणाला कोण?"

 तिने परातीतलं पीठ झाकलं, खांद्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चल यव्वा. लहान लेकरू हायस, भिऊ नको. मी हाय की."

असा माझा धाडसी डाव! टांग्यात ती मला धीर देत होती. हे गाडीवानाशेजारी बसले होते. दवाखान्यापर्यंत मागे वळून बघितलं नाही. डॉक्टरांनी माझे ओरखडे बघून भुवया वर केल्या, दातासारखं दिसत नाही म्हणाले, पण जोखीम नको. यांना बाजूला घेऊन बोलले. मग आम्हा दोघींना पहिली सुई. देवा सिद्धेश्वरा!

मंगळवार, २६ डिसेंबर

तिसरी. सुई विणायच्या सुईएवढी जाड आहे. टोचल्यावर पोटात मोसंबं ठेवल्यासारखी गाठ येते. अक्कम्मा कंपाउंडरला कानडीत ज्या शिव्या देते त्या इथे लिहिता येत नाहीत. त्याला कानडी येत नाही. त्याला वाटतं, म्हातारी आशीर्वाद देते. तोही रोज वाकून नमस्कार करतो.

बुधवार, २७ डिसेंबर

ठिपक्या आज पहाटे मेला.

भीमा सांगायला आला. सकाळी शेडचं दार उघडलं तर ताठ पडला होता. गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. पिसाळलेलाच होता.

अक्कम्माला मी सांगितलं, दवाखान्याच्या वाटेवर. ती रस्त्यात मध्येच थांबली. मला वाटलं, घाबरली. पण म्हणाली, "त्येला तहान लागली असंल की गं." आणि डोळे पुसले. मग चालू लागली, माझ्यापेक्षा पुढे.

आज तिने शिव्या दिल्या नाहीत. सुई घेताना माझा हात मात्र घट्ट धरला. चौथी.

धुळाचा गूळ खाल्ला असता तर ही बाई दोन महिन्यांनी माझ्या डोळ्यांदेखत... नको. ती सुया घेते आहे. मी तिला आणलं. आणि चावायलाही मीच लावलं. दोन्ही खरं.

शुक्रवार, २९ डिसेंबर

डॉक्टरांनी अक्कम्माला जास्त वाकू नको म्हणून सांगितलं, म्हणून खानावळीच्या भाकऱ्या मी थापते. माझंही पोट सुजलेलं, पण ते कुणाला सांगू? ज्वारीच्या चाळीस भाकऱ्या! एक कामगार भाकरी उजेडाकडे धरून म्हणाला, हा कुठल्या मुलुखाचा नकाशा? अक्कम्माने त्याला शेंगाचटणी वाढली आणि सांगितलं, गप खा, इन्स्पेक्टरीनबाईच्या हातची हाय, बिल्ला नसताना मिळतीय.

दुपारी तिने माझ्या पोटावर कान ठेवला. "भुंकत न्हाय अजून," म्हणाली. हसता हसता दोघींच्या गाठी दुखल्या.

हे रोज माझा हात बघतात. दूध आणतात. मला पाणी देताना मी नीट पिते का, ते टक लावून बघतात. यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवार, ३१ डिसेंबर

आज हे रजिस्टर घेऊन बसले. मी समोर. यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "मल्लारी मार्तंड, राहणार जेजुरी. कुत्री दोन." पान उलटलं. "पुन्हा मार्तंड. कुत्री तीन. मोठं घराणं दिसतंय."

मग मी सगळं सांगितलं. देवघर, पेटी, ताक, एकूण एकतीस बिल्ले. माझ्यामुळे ठिपक्या वाचला आणि त्याच्यामुळे अक्कम्मा... 

यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, सोळा तारखेलाच कळलं होतं. जेजुरीहून सोलापूरला कुत्रं नोंदवायला कोण येतं? मी विचारलं, मग गप्प का राहिलात?

"तेवढी तरी मारावी लागू नयेत म्हणून," म्हणाले. "तू चोरलेस, मी बघितलं नाही. अक्कम्माची पोटरी दोघांच्या नावावर आहे."

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. आज पहिल्यांदा वाटलं की या घरात आम्ही दोघं राहतो.

तेव्हाच विळीचंही सांगायला हवं होतं. ओठापर्यंत आलं. पण एका दिवसात किती गुन्हे कबूल करायचे? शिवाय अजून सहा सुया बाकी. मी घेणार नाही म्हटलं तर अक्कम्माही थांबेल. संपल्या की सांगेन.

मंगळवार, २ जानेवारी १९३४

साहेबांनी कचेरीत तोंड उघडलं! चोरी आपल्याच घरातून झाली, त्या बिल्ल्यांची फी माझ्या पगारातून कापा, पण ज्यांना परवडत नाही त्यांची फी माफ करा, असं सांगितलं. फीमुळे गरीब माणूस कुत्रं लपवतो, लपवलेलं कुत्रं कुणी तपासत नाही, आणि मग बिल्ला असून नसून सारखाच. अट एकच, कुत्रं दाराशी बांधलं पाहिजे आणि खात नसेल तर त्याच दिवशी कळवलं पाहिजे. चीफ ऑफिसर आधी ओरडले, मग जत्रा दहा दिवसांवर आली हे आठवून सही केली.

आज हे आणि भीमा घरोघर फिरले. डफ नाही, काठी नाही. मार्तंडाची पाचही कुत्री खऱ्या माणसांच्या नावावर लागली. एक तर भीमानेच घेतलं. अक्कम्माने लंगडीला आणि दिवाणला दाराशी सुतळीने बांधलं आणि रजिस्टरात मालकीण म्हणून अंगठा उठवला. दिवाणला बांधलं आहे हे अजून कळलेलं नाही. तो तसाही उठत नाही.

गुरुवार, ४ जानेवारी

बारावी. अक्कम्मा म्हणाली, सवय झाली, संपल्या की चुकल्यासारखं होईल. ती खरंच वेडी आहे.

शनिवार, ६ जानेवारी

चौदावी झाली. अक्कम्माने कंपाउंडरला घरून आणलेला शेंगालाडू दिला. मी वहाणा घालत होते, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या संपल्या, बाई. साहेबांची आज तिसरी."

कसली तिसरी?

त्याने सांगितलं, ठिपक्याला गोणपाटात घालताना यांच्या बोटाला दात लागला होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लस दोघांपुरतीच होती, यांना आणि अक्कम्माला. मग मी हात पुढे केला. यांनी डॉक्टरांना सांगितलं, आधी बायकांना द्या, मी मुंबईच्या पार्सलची वाट बघतो. पार्सल तीन दिवसांत यायचं ते नाताळच्या सुट्टीत अडकलं. परवा आलं. अकरा दिवस.

तशीच कचेरीत गेले. जिन्यात गाठून सांगितलं की माझे ओरखडे विळीचे होते. यांनी माझा हात धरून ते पाहिले. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी होती.

"पण अक्कम्मा आली ना?" म्हणाले.

डॉक्टर म्हणतात, उशीर झाला आहे, पण फार नाही. होळीपर्यंत वाट बघायची. उद्या चौथी.